डागडुजी

हॅलिफॅक्सच्या या चढावरच्या घराची किल्ली देताना
घरमालक एवढंच म्हणाला:
भिंतींना खिळा मारायचा नाही.
बरं, म्हटलं. न मारता बघू.

दाराखालून वारा यायचा, जुनी ओळख असल्यासारखा.
निरंजनच्या विटक्या जीन्सचा एक पाय कापला,
त्यात कोंबले जोडी हरवलेले मोजे, फाटकी ओढणी
आणि रात्रभर भिजवूनही न शिजणारा किलोभर राजमा.
शाल्मलीने त्याला बटणांचे डोळे लावले,
एक शर्टाचं, एक कोटाचं,
त्यामुळे तो कायम चकित दिसतो.
थंडीत दाराशी आडवा, उन्हाळ्यात कपाटावर रजेवर.
नागपंचमीला तिने त्याच्यापुढे वाटीभर कॉर्नफ्लेक्स ठेवले.
लाह्या कुठून आणणार?

स्वयंपाकघराची खिडकी उत्तरेला.
समोर धुरकट दगडाची भिंत, भिंतीत एक काच.
धर्मादाय दुकानात दोन पौंडांना आरसा मिळाला,
कोपरा उडालेला. फ्रीजवर टेकवून ठेवला.
फेब्रुवारीत एक दिवस
ऊन समोरच्या काचेवर पडलं, तिथून आरशात,
आरशातून थेट ओट्यावर.
दोघांनी वापरून झालेलं ऊन,
पण ऊब होती त्याला.
अकरा मिनिटं टिकतं.
मी तेवढ्यात कोथिंबीर निवडते,
निवडलेली असली तरी.

निरंजन बिस्किटांच्या कारखान्यात रात्रपाळीला.
आमचा दिवस ती त्याची रात्र.
एकदा त्याचा लोकरी स्वेटर चुकून गरम पाण्यात धुतला,
बाहुलीला बसेल एवढा झाला.
वाईट वाटलं, मग कात्री घेतली.
सोळा गोल चकत्या, चार खुर्च्यांच्या पायांना.
आता खुर्ची सरकते
मांजर उठून गेल्यासारखी.
स्वेटर कुठाय, हे त्याने अजून विचारलेलं नाही.

शेजारच्या एनिड सटक्लिफकडे
फळ्याच्या काळ्या रंगाचा अर्धा डबा पडून होता.
तो मी कपाटाच्या दाराला आतून लावला
(घरमालक काही मसाल्याचे डबे उघडून बघणार नाही).
तेव्हापासून आमचा संसार खडूने चालतो.
मी: दूध संपलंय.
तो: मीटरमध्ये वीस टाकले.
मी: हिचा दात पडला. साखरेच्या डब्यामागे ठेवलाय.
तो: आमटी अळणी होती. चालली.
मी: चालली म्हणजे?
यावर दोन दिवस उत्तर नाही.
तिसऱ्या दिवशी नुसता एक बटाटा काढलेला,
हसणारा.
तो मी अजून पुसलेला नाही,
बाकीचं सगळं त्याच्या कडेकडेने लिहितो.

राहिली जिन्याची तिसरी पायरी.
पाय पडला की कर्र करते, सगळ्या घराला ऐकू जाईल असं.
एनिडला तिच्याकडे ऐकू जायचं.
एका रविवारी टाल्कम पावडरचा डबा घेऊन आली.
फटीत ओत, वरून जरा नाच, संपला आवाज.
आमची मी केव्हाच गप्प केली, म्हणाली,
आणि आरशात बघत जरा वेळ थांबली.
मग चहाला साखर मागितली. एरवी ती घेत नाही.

डबा आठवडाभर पहिल्या पायरीवर होता.
येताजाता मी त्याला ओलांडायचे.

पहाटे साडेसहाला खाली दार लागतं,
नाग बाजूला सरकतो,
बूट निघतात, एक, मग दुसरा.
कपाट उघडतं. खडू नाही वाजत,
वाचत असावा.
मग एक पायरी, दुसरी,
आणि कर्र.
मी कूस बदलते.
त्यानंतरची वीस मिनिटं
माझ्या सगळ्या रात्रीतली खरी झोप.

पावडर वाया गेली नाही.
कॅरमवर चांगली चालते,
फक्त सोंगटीला गुलाबाचा वास येतो
आणि राणी घेतली की एनिड
भिंतीपलीकडून विचारते, कोण जिंकलं?